ओट्यामागची भिंत

घर आपल्या मालकीचे आहे असे अभिमानाने सांगणाऱ्या कोणत्याही गृहस्थाला एक साधा प्रश्न विचारून पाहावा. "तुमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यामागची भिंत कशाची आहे?" दिवाणखान्यातल्या पंख्याला किती रुपये पडले, सोसायटीची वर्गणी यंदा किती वाढली, गच्चीची गळती नेमकी कोणत्या कोपऱ्यातून होते, हे सारे तो तोंडपाठ सांगेल. या प्रश्नाला मात्र तो अडखळेल, जरासा हसेल आणि आत तोंड करून हाक मारील, "अगं, आपल्या ओट्यामागं काय लावलंय गं?"

मी हे इतक्या खात्रीने सांगतो, कारण २०२४ सालच्या आषाढापर्यंत मीही त्यातलाच होतो.

आमचे घर डोंबिवलीला. १९८६ साली कर्ज काढून घेतलेले. ओटा नऊ फूट लांब. ओट्यापासून वरच्या फडताळापर्यंत भिंत दोन फूट उंच. नऊ दुणे अठरा. अवघी अठरा चौरस फूट जागा! आयुष्य माझे हिशेबतपासणीच्या खात्यात गेले. इतरांच्या वह्यांतले पैशापैशाचे घोटाळे मी शोधून काढले. पण या अठरा चौरस फुटांची नोंद माझ्या कोणत्याच वहीत नव्हती. गवंडीकामात या भिंतीला 'डाडो' म्हणतात, हेही मला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी कळले.

ते कळायला कारण घडले ते असे. आषाढातली एक दुपार. आम्ही दोघे जेवायला बसणार, इतक्यात आत 'डुबुक्' असा आवाज झाला. सौ. आत गेली आणि पळीवर एक पांढरी चौकोनी वस्तू तोलीत बाहेर आली. ओट्यामागची एक टाइल सुटून आमटीत पडली होती.

"आज आमटीत फोड जरा मोठी आहे. कोणाला वाढू?" तिने विचारले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. थापीच्या मुठीने त्याने भिंतीवर टकटक केले आणि डॉक्टर रोग्याच्या नातेवाइकांकडे बघतो तसे माझ्याकडे बघितले. "साहेब, सगळंच पोकळ वाजतंय. त्या काळी टाइलच्या पाठीला सिमेंटचे चारपाच गोळे लावायचे आणि दाबून द्यायचे. मधे हवा राहायची. एक सुटली, आता बाकीच्याही सुटणार. पूर्ण डाडो काढून नवा करा." मग वहीत काहीतरी खरडून तो म्हणाला, "नवीन काय लावायचं ते ठरवून ठेवा."

ठरवून ठेवा! दोन शब्द. पण या दोन शब्दांनी आमच्या घरात पुढचा महिनाभर जे रण माजले, तसे मुलीचे लग्न ठरवतानाही माजले नव्हते.

पहिले मत आले बंगळूरहून. चिरंजीव तिथे असतात. ते म्हणाले, "बाबा, काच लावा. मागून रंग दिलेली एकसंध काच. सांधाच नाही. एक फडकं फिरवलं की झालं!" काच आणि तीही शेगडीच्या मागे, या कल्पनेने माझ्या अंगावर काटा आला. तेव्हा त्याने मला समजावले, की ही साधी काच नव्हे. ही तापवून एकदम थंड केलेली, कडक केलेली काच असते. ती उष्णता सोसते आणि फुटलीच तर तिच्या सुऱ्या होत नाहीत, बोथट खडे होतात. फक्त एकदा कडक केली की ती कापता येत नाही, म्हणून विजेच्या बटणांची भोके आधीच मोजून पाडून घ्यावी लागतात. आमच्या इमारतीच्या भिंती कुठे सरळ आहेत, की मोजमाप बिनचूक यावे!

कन्या नाशिकला. तिला हवी होती जुन्या वाड्यांतल्यासारखी नक्षीची सिमेंटची फरशी. मुंबईत १९२२ सालापासून अशा फरश्या बनत आल्या आहेत आणि गिरगाव-दादरच्या जुन्या घरांत त्या अजून पायांखाली हसत असतात, हे मलाही ठाऊक होते. पण पायाखालची फरशी फोडणीच्या समोर उभी करायची म्हणजे गवयाला कुस्तीच्या हौद्यात उतरवण्यासारखे. सिमेंट सच्छिद्र, तेल पिणार.

आमचे मेहुणे ग्रॅनाइटचे भक्त. "काळा ग्रॅनाइट लावा आणि विसरून जा," असे ते म्हणाले. शेजारच्या बिऱ्हाडाने सुचवले, की उपाहारगृहांतून असतो तसा स्टेनलेस स्टीलचा पत्रा ठोकावा. आणि मी? माझे मन अडकले होते संगमरवरात. ताजमहाल ज्या मकराण्याच्या दगडाने बांधला, त्याच दगडाचा एक तुकडा आपल्या ओट्यामागे असावा, अशी एक भाबडी इच्छा मी पुष्कळ वर्षे बाळगून होतो. निवृत्त माणसाची शहाजहानगिरी अठरा चौरस फुटांतच बसायची!

या सर्व वादात सौ. होतीच. म्हणजे ती चहा करत होती. दूरध्वनीवर मुलांची भांडणे चालत, मेहुणे टेबलावर मुठी आपटत, मी कागदावर दर मांडी. आणि ती कप ठेवून जाई, कप उचलून नेई. एकदा कन्येने तिकडून विचारले, "आई, तुला काय वाटतं?" तर ही म्हणाली, "तुम्ही ठरवा गं. मला काय, पुसायचं तेच आहे."

आम्ही सगळे हसलो आणि पुन्हा ग्रॅनाइटकडे वळलो. ते वाक्य तिथेच ओट्यावर पडून राहिले.

मग दुकानांच्या वाऱ्या सुरू झाल्या. टाइल्सच्या दुकानात गेल्यावर माणसाला आपण किती अडाणी आहोत ते कळते. गुजरातेत मोरबी म्हणून गाव आहे. तिथल्या भट्ट्यांतून देशभर टाइल्स जातात. त्यांचे इतके प्रकार त्या शेठजींनी आमच्यासमोर मांडले की मला सराफ्यात आल्यासारखे वाटू लागले. लाकडासारखी दिसणारी टाइल, दगडासारखी दिसणारी टाइल, कापडासारखी दिसणारी टाइल. टाइलसारखी दिसणारी टाइल तेवढी मागून घ्यावी लागली! "आजकाल मॅटच चालतं, साहेब," असे म्हणत शेठजींनी एक करड्या रंगाची निस्तेज टाइल माझ्या हातात ठेवली. "चकचकीत जुनं झालं." मी मान डोलावली. मॅट म्हणजे खानदानी, चकचकीत म्हणजे उथळ, असे माझ्या मनाने तिथल्या तिथे ठरवून टाकले.

या भिंतीचा इतिहास शोधायला गेलो तर तो फार जुना नाही, हे परतीच्या गाडीत माझ्या लक्षात आले. माझी आई कोकणातल्या घरी चुलीपुढे पाटावर बसून रांधायची. फोडणी उडाली तर ती जमिनीवर उडे आणि जमीन दुसऱ्या दिवशी शेणाने सारवली जाई. मागच्या भिंतीवर चढे तो धूर. ती काळी असायचीच, ती पांढरी असावी अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती. पुढे आम्ही गिरगावात चाळीत आलो. चुलीची जागा स्टोव्हने घेतली, तरी आईची बैठक मोडली नाही. मुंबईत सिलिंडरचा घरगुती गॅस १९५५ साली आला. आमच्या चाळीत तो पोचायला त्यानंतर वीसेक वर्षे लागली. आणि गॅस आला तेव्हा त्याच्याबरोबर कडाप्प्याचा उभा ओटाही आला. आई उभी राहिली. बाई बसून रांधत होती तोवर तिच्या डोळ्यांपुढे खोली होती. येणारेजाणारे, पाटावरची मुले, दारातले मांजर, सगळे तिला दिसे. ती उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांपुढे हातभर अंतरावर भिंत आली. ओट्यामागची भिंत जन्मली ती अशी. पण त्या दिवशी गाडीत मला हा विचार नुसता चमत्कारिक वाटला; त्याचा अर्थ कळायला माझ्या हातात फडके यावे लागले.

ते आले श्रावणात. दूध तापवताना खाली सांडलेल्या पाण्यावरून सौ.चा पाय घसरला आणि उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर. चिरंजीव आणि सूनबाई आठवडाभर येऊन राहिली, मुलगी चार दिवस राहिली. पण नोकऱ्या कोणाला सुटतात? भांडी घासायला बाई येत होत्या. पोळ्या बाहेरून येऊ लागल्या. उरलेला स्वयंपाक माझ्या गळ्यात पडला.

दारात खुर्ची टाकून ही बसे आणि तिथून सूचना देई. "तेल तापू द्या. आता मोहरी. अहो, झाकण! झाकण हातात घेऊन मग मोहरी टाकायची!" तोवर मोहरी अठरा चौरस फुटांवर सर्वदूर पोचलेली असे. फोडणी ही पातेल्यात होते असा माझा समज होता. ती निम्मी भिंतीवर होते! आणि दिसते तेवढीच होते असेही नाही. तेलाची एक अदृश्य वाफ वर जाते, थंड भिंतीवर बसते आणि दिवसा-दोन दिवसांत तिथे एक ओशट पापुद्रा धरतो. त्यावर पिठाची धूळ बसली की त्याचा चिकटा होतो. मग ते फडक्याने निघत नाही. नखाने खरवडावे लागते.

पहिल्या रात्री मी फडके घेऊन उभा राहिलो. टाइलचा चेहरा पुसला गेला. पण दोन टाइल्सच्या मधली फट? तिथला पांढरा सिमेंट कधीच पांढरा राहिला नव्हता. तो पिवळा होता, तपकिरी होता, शेगडीमागे तर जवळजवळ काळा होता. मी हट्टाला पेटलो. धुण्याचा सोडा पाण्यात कालवला आणि सांध्यांवर जोराने घासू लागलो. पाहता पाहता पिवळे डाग लालभडक झाले! मी घाबरून ओरडलो. ही खुर्चीतून उठून आली आणि प्लास्टरचा हात सावरीत हसू लागली.

"कुंकू केलंत की हो तुम्ही!"

हळदीला खार लागला की ती लाल होते. जुन्या काळी घरोघर हळदीला चुना लावूनच कुंकू करीत. हिच्या माहेरीही करत असत. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात मात्र विरघळतो. म्हणून फोडणीतली हळद तेलाबरोबर सांध्यात मुरते आणि मग पाण्याने कितीही धुतली तरी हलत नाही. उन्हात तो डाग उडतो. कपडे आपण उन्हात घालतो. भिंत कुठे घालणार?

"मग तू इतकी वर्षं काय करायचीस?" मी विचारले.

"ओटा गरम असतानाच पुसायचं. निवलं की बसतं. रात्री मागचं आवरलं की गरम पाण्याचं फडकं. रोज. एक दिवस चुकलं की पुढे आठ दिवस भोगायचं."

रोज! आणि मला एकदम तो आवाज आठवला. रात्री अंथरुणावर पडून मी वर्तमानपत्राचे उरलेले पान वाचत असे, तेव्हा आतून फडके फिरल्याचा, पिळल्याचा, पुन्हा फिरल्याचा आवाज येई. त्या आवाजावर मला झोप लागे. घर मिटल्याचा आवाज, असेच मी त्याला मानीत आलो होतो. त्या आवाजाच्या दुसऱ्या टोकाला कोणी उभे आहे, हे माझ्या ध्यानी कधी आले नाही.

हिशेबतपासनीसाची खोड जात नाही. मी कागद घेतला. रोजची दहा मिनिटे धरली. वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट, वर्षे अडतीस. बेरीज आली एक लाख अडतीस हजार सातशे मिनिटे. त्यांचे तास केले, तासांचे दिवस केले. शहाण्णव. शहाण्णव दिवस आणि शहाण्णव रात्री, एक क्षणही न बसता, ही बाई त्या भिंतीसमोर फडके घेऊन उभी होती. दुसरा हिशेब सांध्यांचा. सहा इंची बहात्तर टाइल्स. उभे आणि आडवे सांधे मिळून एकसष्ट फूट. आम्ही महिनाभर रंगावर भांडलो. या एकसष्ट फुटांबद्दल आमच्यापैकी कोणी अवाक्षर काढले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी शेठजींकडे गेलो आणि नमुन्याचे तुकडे मागून आणले. गॅलरीत एका ओळीत मांडले. प्रत्येकावर एक थेंब हळदीच्या गरम तेलाचा, एक चिंचेच्या कोळाचा, एक लिंबाची फोड. रात्रभर तसेच ठेवले. सकाळी चहाच्या आधी निकाल बघायला गेलो.

माझा संगमरवर पहिल्याच फेरीत बाद झाला. लिंबाखालची झिलई उडून तिथे निस्तेज चट्टा पडला होता आणि हळद तर दगडात घर करून बसली होती. ताजमहालात फोडणी करत नाहीत, हे मी विसरलो होतो. कडाप्प्याचेही तेच. आंध्रातल्या कडप्पा भागातला हा दगड आपल्या ओट्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राबला; पण तोही संगमरवरासारखाच चुन्याच्या जातीचा. आंबटाचा थेंब पडला की पांढुरका डाग. ग्रॅनाइट मात्र पहिलवान निघाला. त्याला ना चिंचेने काही केले, ना लिंबाने. स्टीलवरचे सारे डाग निघाले, पण तारेच्या घासणीने ओरखडे उठले. काच एका फडक्यात स्वच्छ झाली. मात्र बोटांचे ठसे आणि पाण्याचे ओघळ तिने पोलीसखात्यासारखे जपून ठेवले. मॅट टाइलच्या खरखरीत अंगात तेल थोडे अडकून राहिले. आणि साधी, भट्टीत काचेरी लेप चढवलेली चकचकीत टाइल? ती जशी होती तशीच होती. टाइलचा दोष टाइलमध्ये नव्हताच. तो सांध्यांत होता.

मी हा निकाल मुलांना कळवला. चिरंजीव म्हणाले, "बाबा, ग्रॅनाइट पहिला आला ना? मग प्रश्नच मिटला." मेहुण्यांनी पेढे मागितले.

मीही होकार देणार होतो. पण त्याच सुमारास वाचनात एक गोष्ट आली. १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की नावाच्या ऑस्ट्रियन वास्तुशिल्पी बाईंनी एक छोटे, आटोपशीर स्वयंपाकघर आखले. तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे तिथे बांधली गेली. आजच्या आपल्या सलग ओट्यांचे आणि फडताळांचे मूळ पुष्कळसे त्यात आहे. गंमत अशी, की ते आखण्यापूर्वी आपण कधी स्वयंपाक केला नव्हता, असे त्या बाईंनी स्वतःच पुढे सांगितले. पण त्यांनी गृहिणींना विचारले होते. कामाला लागणारा वेळ आणि पडणारी पावले मोजून पाहिली होती.

मी पुस्तक मिटले. स्वयंपाक येत नसणे हा काही गुन्हा नव्हता तर.

त्या रात्री फडके पिळून झाल्यावर मी हिच्यासमोर येऊन बसलो. दूरध्वनी बंद ठेवला. म्हटले, "खरं सांग. तुला काय लावायचंय त्या भिंतीला?"

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. प्रश्न ऐकण्याची सवय नसली की उत्तर शोधायला वेळ लागतो. मग म्हणाली, "पांढरी टाइल."

"पुन्हा पांढरी? ग्रॅनाइटवर डागही पडत नाही, मळही दिसत नाही."

"दिसत नाही, असतो मात्र. मळ दिसला म्हणजे पुसता येतो. काळ्या भिंतीशी रोज अंदाजानं कोण भांडणार? शिवाय आपली खिडकी एका कडेला. पावसाळ्यात चार वाजल्यापासून ओट्यावर अंधार असतो. पांढऱ्यानं उजेड राहतो. आणि मोठ्या टाइल्स घ्या. सांधे कमी."

हे मुद्दे इतके बिनतोड होते की मी लगेच टिपून घेतले. मग उदार होऊन म्हणालो, "ठीक. पांढरी, मोठी. मॅट घेऊ, आजकाल तीच चालते."

"नको," ती एकदम म्हणाली. "चकचकीत."

"का?"

ती प्लास्टरच्या कडेवरून बोट फिरवीत राहिली. "नवं घर घेतलं तेव्हा या टाइल्स चकचकीत होत्या. आठवतं का तुम्हाला? ओट्याशी उभी राहिले की त्यांत मागचं दार दिसायचं. तुम्ही कचेरीतून आलात की आधी टाइलमध्ये दिसायचात, मग आवाज यायचा. मुलं पाय न वाजवता डब्याकडे यायची, तीही दिसायची. पुढे पावडरनं घासून घासून त्यांची झिलई गेली. दहा-बारा वर्षांत दार दिसेनासं झालं." आणि मग अगदी साध्या आवाजात, तक्रार नव्हे तर हिशेब सांगावा तसे ती म्हणाली, "तुम्ही सगळे माझ्या पाठीमागेच असता ना."

मी काय बोलणार? आई जमिनीवरून उठून ओट्याशी उभी राहिली तेव्हा तिच्या डोळ्यांपुढून काय गेले, ते मला त्या क्षणी कळले. आमच्या हसण्याचे, भांडणाचे, पाहुण्यांच्या गप्पांचे आवाज अडतीस वर्षे या बाईने पाठीवर झेलले होते. आणि आम्ही महिनाभर तिच्या पाठीमागे बसून तिच्या डोळ्यांपुढची भिंत ठरवत होतो!

गणपती गेले, प्लास्टर निघाले, पितृपंधरवडा संपला आणि घटस्थापनेनंतर मिस्त्री कामाला लागला. छिन्नीने जुन्या टाइल्स उतरवल्या. नव्या एक फूट बाय दोन फूट, पांढऱ्या शुभ्र, चकचकीत. उभ्या लावल्या तर नऊ फुटांत बरोबर नऊ बसल्या. आडवा सांधा एकही नाही. उभे सांधे आठ, लांबी सोळा फूट. एकसष्टवरून सोळा! नोकरीत इतकी बचत दाखवली असती तर मला बढती मिळाली असती. मिस्त्रीने आधी टाइल्स पाण्यात भिजवल्या, या वेळी गोळे न लावता दातेरी थापीने सगळ्या पाठीला सारखा मसाला ओढला. सांध्यांत सिमेंटऐवजी एपॉक्सी भरायला मी सांगितले. दोन वेगवेगळ्या डब्यांतली द्रव्ये एकत्र कालवून ते करतात. महाग पडते, लवकर घट्ट होते म्हणून झटपट पुसावे लागते. पण ते तेल पीत नाही, हळद पीत नाही.

काम सुरू करण्याआधी मिस्त्रीने एकच प्रश्न विचारला होता, आणि तो मला नव्हे. "आई, फोडणी कुठल्या शेगडीवर करता?" हिने डावी शेगडी दाखवली. त्याने पहिली अखंड टाइल तिच्या मागे लावली, म्हणजे सांधा तिथे येऊ नये. जे मला समजायला अडतीस वर्षे आणि एक मोडलेले मनगट लागले, ते त्या माणसाने ओट्याशी पाऊल टाकताच विचारले होते.

हिचे मनगट अजून थंडीत दुखते, म्हणून रात्रीचे फडके माझ्याकडे आहे. दहा मिनिटे लागत नाहीत, चार पुरतात. माझे पुसलेले तिला पसंत पडते असे मात्र नाही. मी निजायला गेल्यावर ती हळूच एक हात फिरवून येते, हे मला ठाऊक आहे. मी झोपलो आहे असे तिला वाटते.

काम संपल्यावर चार दिवसांनी मी संध्याकाळी फिरून आलो. चपला बाहेर काढल्या आणि आवाज न करता स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. ही माझ्याकडे पाठ करून ओट्याशी उभी. शेगडीवर कढी उकळत होती.

"कोथिंबीर विसरलात ना?" मान न वळवता तिने विचारले.

मी भिंतीकडे पाहिले. नव्या पांढऱ्या टाइलमध्ये दार दिसत होते, आणि दारात रिकाम्या हातांनी उभा असलेला एक म्हातारा. मी तसाच वळलो, पायांत पुन्हा चपला सरकवल्या आणि कोथिंबीर आणायला गेलो.